पाण्यावरची पट्टी

कमल, गावाच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून अर्ध्या गावाची नावं, आणि मधे तू, निलेशच्या लग्नातल्या फोटोतली, उन्हामुळे एक डोळा बारीक केलेली. तुझ्या मागे समुद्र, नारळाची झाडं आणि नारिंगी सूर्यास्त. मी रिक्षातून उतरले, बघत उभी राहिले, आणि रडू येण्याच्या आत माझ्या डोक्यात आलं, हा सूर्यास्त कोणाचा? निलेशला, तुझ्या लेकाला, विचारलं तर तो म्हणाला, "फ्लेक्सवाल्याने टाकला, मावशी. नेटवरून घेतला असंल." तू असतीस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "बघ गो वकीलबाय, मना नोटीस आनि याला काय नाय!" मला तिथेच हसू फुटलं, आणि मग जे रडू आलं ते आवरेना. नाक्यावर कोळंबी निवडून घेणाऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

तुझं बारावं झालं. आता घरी येणारे-जाणारे कमी झालेत. तुझा जन्म कुठला, लग्न कधी झालं, काय आजार होता, हे मी लिहीत नाही. ते गावाला पाठ आहे. मला आपलं भांडण पुढे चालवायचंय. ते अर्ध्यावर टाकून तू गेलीस, आणि भांडण असं अर्ध्यावर टाकायची तुझी रीत नव्हती.

आपली ओळख भाडेकरारातून झाली. मी वाशीत बसून घरांचे करार करणारी वकील, तू कोपरखैरणे गावातली घरमालकीण. वरचे मजले भाडेकरूंना, आणि तळमजल्याची रस्त्याकडची खोली स्वतःला ठेवलेली. करार नोंदवायला अंगठ्याचा ठसा लागतो, आणि तुझा अंगठा काही केल्या मशीनवर उठेना. एजंट घामाघूम झाला. तू पर्समधून टर्पेंटाइनची बाटली काढलीस, रुमालाला लावून अंगठा घासलास आणि म्हणालीस, "काय करू, घोडे चालू हायेत." मला वाटलं, बाई कामातून गेलेली आहे.

मग तुझी खोली बघितली. तीन भिंतींना तीन कॅनव्हास आणि तिन्हींवर पाण्यातून उधळणारे तेच सात घोडे. वास्तूला चांगले म्हणून वाशीपासून ऐरोलीपर्यंत ज्याला त्याला हवे असणारे. गावात तुला 'कॉपीवाली कमल' म्हणायचे. तुला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कोणी पत्ता विचारत आलं की तूच दारातून हाक मारायचीस, "कॉपीवाली ना? या, हीच." शिकलीस तीही कॅलेंडरांवरून, चौकोन आखून. हॉटेलं, दवाखाने, नवीन घर घेतलेली जोडपी, सगळे मोबाइलवर एखादं चित्र घेऊन यायचे आणि म्हणायचे, असंच पाहिजे, सोफ्याच्या मापाचं.

पण तुझा एक नियम होता. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तू बारीक अक्षरात मूळ चित्रकाराचं नाव लिहायचीस आणि पुढे 'यांच्यावरून'. त्याच्याखाली 'कमल, कोपरखैरणे गाव' आणि तुझा मोबाइल नंबर. चित्रकाराचं नाव मिळालं नाही तर लिहायचीस, 'कोणी चांगल्या माणसावरून'. घोड्यांच्या खाली तेच असायचं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले. तू मात्र गंभीर होतीस. "चांगला मानूसच असनार ना? घोड्यांचे पाय बघ."

त्या 'वरून'नेच तुझा घात केला. वाशीच्या एका हॉटेलात, रिसेप्शनच्या मागे, तुझं एक मोठं खाडीचं चित्र लागलं होतं. पुण्याच्या एका नावाजलेल्या चित्रकाराच्या ओळखीचं कोणी तिथे उतरलं. त्याने कोपरा वाचला, फोटो काढला, पाठवून दिला. महिनाभरात हॉटेलला नोटीस आणि तुलाही. तू ती माझ्या टेबलावर ठेवलीस ती मेथीच्या जुडीखालून काढून, ओली. मी वाचून म्हटलं, "कमल, चोर घरफोडी करून आपला पत्ता भिंतीवर लिहून जातो का गं?"

"तेच तर बोलते मी. चोर नाय ना म्हनून लिवलंय."

"नाव टाकणं वेगळं आणि परवानगी वेगळी."

"घेतली परवानगी. ते चित्र वाशीच्या गुडघ्याच्या डॉक्टरकडं हाय, वेटिंगमधे. मी इचारलं, फोटो काढू? चित्र काढू? तो बोलला, काढा की."

"डॉक्टरने चित्र विकत घेतलंय. चित्र त्याचं झालं. पण त्याची नक्कल करू द्यायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो."

तू जरा वेळ विचार केलास. "म्हंजे डॉक्टर भाडेकरू," म्हणालीस.

अगदी तसं नाही, असं मी म्हणाले खरी, पण त्याहून सोपं करून मला आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. खरं तर तो कायदा मीही कॉलेजनंतर तुझ्यामुळेच उघडला. चित्रकार जिवंत असेपर्यंत हक्क त्याचा, आणि तो गेल्यावर पुढची साठ वर्षं त्याच्या वारसांचा. शिकण्यासाठी घरी बसून नक्कल केली तर कोणी काही म्हणत नाही. विकली की गुन्हा. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आनि 'वरून'चं काय लिवलंय त्यात?" मी म्हटलं, असा शब्दच नाही कायद्यात. तू उखडलीस. "पोरावरून मीठमोहऱ्या उतरवते ती बाई काय पोर चोरते का?" मी चहा मागवला.

पुण्याला गेलो ते आठवतं तुला? त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं, चित्र घेऊन या, समोरासमोर बोलू. निलेशच्या गाडीच्या मागच्या सीटवर हॉटेलने परत केलेलं चित्र आडवं, चादरीत गुंडाळलेलं, त्याच्या बाजूला अंग चोरून मी, आणि पुढे तू, मांडीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा डबा घेऊन. मी म्हटलं, "नोटीस पाठवणाऱ्याला डबा?" तू म्हणालीस, "मानूस हाय ना तो? रिकाम्या हाताने कसं जायाचं?" अख्ख्या एक्स्प्रेस वेवर गाडीत सुकटीचा वास, आणि मी मनातल्या मनात माफीनाम्याचा मसुदा करत होते.

ते चित्रकार उंच, वाळलेले, कानटोपी घातलेले. सत्तरी कधीच ओलांडलेली. तू डबा पुढे केलास तेव्हा क्षणभर गोंधळले आणि मग दोन्ही हातांनी घेतला. चित्र भिंतीला टेकवलं. संध्याकाळची खाडी, ओहोटी, चिखलात रुतलेली होडी, घोटाभर पाण्यात उभी एक पाठमोरी बाई. ते इतका वेळ बघत राहिले की मला बसल्या जागी अवघडलं. मग जवळ गेले आणि बोट दाखवून म्हणाले, "ही पट्टी कसली?"

पाण्यावर होडीपासून त्या बाईच्या पायांपर्यंत तिरपी गेलेली पांढरी पट्टी. हॉटेलात येणारा-जाणारा ह्याच पट्टीपाशी थांबायचा. आकाश अंधारलेलं, दिवा कुठे नाही, आणि पाण्यावर हा उजेड. कुठून आला कळायचं नाही, पण तो आहे म्हणून ती बाई घरी पोचणार असं वाटायचं.

"तुमचीच हाय," तू म्हणालीस.

"माझी नाही."

"सर, मी समोर असतं तेच काढते. मनाचं काय टाकत नाय."

"अहो बाई, चित्र मी काढलंय."

"आनि मी बघून काढलंय."

दोघंही हट्टाला पेटलात. शेवटी त्यांच्या बायकोने सरबत आणलं म्हणून सुटका झाली. सरबत पिऊन ते शांत झाले आणि म्हणाले, नुकसानभरपाई वगैरे काही नको. यापुढे माझ्या चित्रांची नक्कल करून विकणार नाही एवढं लिहून द्या, आणि हे चित्र इथे ठेवून जा. मी तिथेच लिहिलं. तू सही केलीस. निघताना तू त्यांना पुन्हा सांगितलंस, "पट्टी तुमचीच हाय, बघा आठवून."

दुसऱ्याच दिवशी तू मला ओढत त्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेलीस. चित्र होतं भिंतीवर, जलरंगातलं, काचेच्या फ्रेममधे. आणि त्यात पट्टी होती! तू माझा दंड दाबलास. मी उठून जवळ गेले तर पट्टी गायब. परत येऊन बसले, पट्टी हजर. मी तुला माझ्या जागेवर बसवलं, तू मला पलीकडच्या. आपण दोघी त्या वेटिंग रूममधल्या सगळ्या खुर्च्या बदलत फिरलो. गुडघे धरून बसलेले लोक आपल्याला जागा करून देत होते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट नेमकं कोण आहे?" मग मी वर बघितलं. छतावर ट्यूबलाइट होती. तिचं प्रतिबिंब काचेत पडत होतं, बरोबर खाडीच्या पाण्यावर.

तू मोबाइलवर जो फोटो काढला होतास त्यात ती ट्यूबलाइट आली होती आणि तू ती इमानेइतबारे रंगवलीस, पाण्याच्या लाटांवरून मोडत, कडेला जरा पिवळी करत. मला हसू आवरेना. आणि मी वळून बघितलं तर तुझे डोळे भरलेले. "खोटं काढलं गो मी," म्हणालीस. "मानसाच्या नावाखाली ट्यूबलाइट काढली." नोटीस आली तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते त्या दिवशी आलं.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. तू त्यांना फोन केलास, चित्र पाठवा, पट्टी पुसून देते. ते म्हणाले, राहू दे. दर दिवाळीला तू फोन करायचीस, फराळाची चौकशी करायचीस आणि शेवटी तेच विचारायचीस. ते म्हणायचे, राहू दे. 'आपले नोटीसवाले' असं त्यांचं नाव पडलं आपल्यात. आणि मी तुला दरवेळी सांगायचे, पुसायचं नाव काढू नकोस. तू आजवर जेवढं काही काढलंस त्यात ती एकच गोष्ट अशी आहे जी कोणावरून नाही. ती तुझी आहे.

"ती ट्यूबलाइटवरून हाय," तू म्हणायचीस.

नोटिशीनंतर तू कायदा असा पाळलास की कायदा करणाऱ्यांनी येऊन बघावा. ज्यांना जाऊन साठ वर्षं उलटली त्यांचीच चित्रं काढायचीस. त्यांना तू 'साठीपार' म्हणायचीस. घोडे तेवढे सुटले, त्यांचा धनी मला शोधूनही सापडला नाही. ऐन सुनावणीच्या वेळी तुझा मेसेज यायचा, हा साठीपार झाला का गो? मी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून कोण कधी वारला ते शोधायची. एकदा एका गिऱ्हाइकाने चित्रकाराचं नाव सांगितलं आणि तू त्याला म्हणालीस, "अजून थोडी वर्षं थांबा, मग देते." तो बिचारा आपलं चित्र कधी मिळणार असं मला विचारत होता.

आणि मी मागे लागायची, आता स्वतःचं काढ. इतकी वर्षं हात बसलाय, एक तरी तुझं. तू घोड्याच्या आयाळीवरून ब्रश न उचलता म्हणालीस, "मना माजं बघायला आवडतच नाय गो. दुसऱ्याने काय बघितलं ते बघायला आवडतं. तुला कोन बोलतं का, स्वताचा कायदा लिव?" मी चिडून निघून गेले. मागोमाग निलेशच्या हाती वालाच्या शेंगांची पिशवी आली.

खरं सांगू? बघायला मला तू शिकवलंस. मी कागद वाचणारी बाई. खाडीपुलावरून हजारदा गेले असेन, पाणी निळं असतं एवढंच मला ठाऊक. तू गाडी बाजूला घ्यायला लावलीस आणि म्हणालीस, "निळं कुठं दिसतं, दाखव." नव्हतंच. राखाडी होतं, हिरवट होतं, चिखलाकडे तपकिरी, एका ठिकाणी जुन्या भांड्यासारखं. तेव्हापासून मी त्या पुलावरून नुसती गेलेली नाही. आता तू नाहीस तर ते पाणी बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. काल वाशीहून परतताना मी तुला सांगायला शेजारी वळले. शेजारी ड्रायव्हर होता.

परवा निलेशने खोली उघडली. त्याला न्हावा शेव्याला कामावर परतायचंय, त्याआधी आवरून ठेवायचं म्हणाला. आम्ही दोघांनी एकेक कॅनव्हास वळवून बघितला. घोडे, साठीपारांची मंडळी, एक अर्धी राहिलेली पाणवठ्यावरची बाई. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तुझं 'वरून'. मी काय शोधत होते ते निलेशला कळलं नाही, पण तुला कळलं असतं. कायदा म्हणतो, माणूस गेल्याच्या पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून साठ वर्षं मोजायची. म्हणजे येत्या जानेवारीपासून तुझी साठ वर्षं सुरू होणार. पण कशावर? त्या खोलीत कायद्याने तुझं म्हणून जपावं असं एकही चित्र नव्हतं. सगळे तुझा हात वापरून गेले आणि तुझं असं काही राहिलं नाही, हे मला सहन होत नाहीये, कमल. कोणालातरी तुझी परवानगी मागावी लागावी, एवढंच मला हवं होतं. फार मागत नव्हते.

म्हणून मी काल नोटीसवाल्यांना फोन केला. तू गेल्याचं सांगायचं होतं आणि ते खाडीचं चित्र मागायचं होतं. म्हटलं, कागदावर लिहून दिलंय तरी मागून बघते, निलेशसाठी. खरं तर माझ्यासाठी. ऐंशीच्या पुढे गेलेत आता. ऐकू कमी येतं, मला ओरडून सांगावं लागलं. तू गेलीस हे मी दोनदा ओरडून सांगितलं. मग म्हणाले, "यंदा दिवाळीला फोन यायचा नाही म्हणजे."

चित्र द्यायला ते तयार नाहीत. समोरच लावलंय, म्हणाले, उठल्यावर तेच दिसतं. मग म्हणाले, "तुम्ही फोन केलात ते बरं झालं. माझं एक काम राहून गेलंय. मी ती खाडी पुन्हा काढली. म्हातारपणी जुनी जागा आठवते. काढून झाली, पण चित्र बंद वाटायला लागलं. तिन्ही बाजूंनी बंद. शेवटी त्यात ती पट्टी घातली, तुमच्या मैत्रिणीची, तशीच तिरपी. आता ते प्रदर्शनात लावायचंय. त्यांना विचारायचं होतं, आज विचारू, उद्या विचारू करत राहिलो. तुम्ही वकील आहात. आता परवानगी कोणाकडे मागायची?"

ते "हॅलो, हॅलो" करत राहिले. कोर्टात हा मुद्दा टिकेल का, ते मला विचारू नकोस. विनापरवाना केलेल्या नकलेतली चुकून आलेली ट्यूबलाइट, समोरच्या वकिलाने माझी सालटी काढली असती. पण समोरचा पक्षकार स्वतः होऊन मागतोय म्हटल्यावर मी कशाला आडवी येऊ? मी आवाज सरळ केला आणि सांगितलं, "मुलाकडे मागा. लेखी लागते. आणि साठ वर्षं लागते."

"म्हणजे मी गेल्यावर माझ्या मुलींनासुद्धा मागावी लागेल," ते म्हणाले.

"हो."

"चांगलं आहे," ते म्हणाले.

आज मी परवानगीचा कागद केला. संध्याकाळी निलेश ऑफिसात येऊन बसला. त्याने शांतपणे वाचला आणि म्हणाला, "सही करतो मावशी. पन आई काय बोलली असती?"

काय बोलली असतीस, मला ठाऊक आहे. 'त्यात काय इचारायचं? घ्या की.' वर सुकटीचा डबा पाठवला असतास. निलेशला मी तसंच सांगितलं आणि तो हसला.

पण मला ते नकोय, कमल. मला वाटतं, तू दारातून आत यावंस, घाम पुसत समोरच्या खुर्चीत बसावंस, हा कागद बोट ठेवून वाचावास आणि पेन बाजूला सारून म्हणावंस, "नाय देत. माजी हाय ती." एकदाच म्हण. मग खुशाल सही कर.